सहा महिन्यांच्या लेकराला हातानं खाऊ द्यावं का खिमटच भरवावं? घरात रोज वाद होऊ लागलेत

परभणीची_माय

नमस्कार, जरा मोठं लिहिते, वाचा प्लीज. माझी लेक ६ महिने १० दिवसांची आहे, वजन ७ किलो २०० ग्रॅम, सहा महिने फक्त अंगावरचं दूध. एप्रिलचा जन्म, परभणीचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, सगळे म्हणायचे लेकराचा घसा सुकू लागलाय चमचाभर पाणी तरी पाज, पण डॉक्टरांनी सांगितलं होतं की दुधात पाणीच जास्त असतं, म्हणून मी कुणाचं ऐकलं नाही. दसऱ्याला उष्टावण झालं, मामानं खीर चाटवली, आता खरं जेवण सुरू करायचंय.

मी गरोदर असल्यापासून बेबी लेड वीनिंगचे व्हिडिओ बघतेय. म्हणजे पातळ करून भरवायचं नाही, मऊ शिजवलेले लांब तुकडे समोर ठेवायचे, लेकरू स्वतः उचलून खातं. मला हे मनापासून पटलं. आमची छकुली आधाराशिवाय बसते, मान पक्की आहे, आम्ही जेवायला बसलो की माझ्या ताटातली भाकर ओढते, तोंडात घातलेलं जिभेनं बाहेर ढकलत नाही. म्हणून परवा केळाचा लांब तुकडा दिला, खालची साल तशीच ठेवली म्हणजे हातातून निसटणार नाही. दोन-तीनदा छान चोखलं आणि मग एकदम ऑक ऑक करायला लागली, तोंड लालबुंद, डोळ्यात पाणी. सासूबाई धावत आल्या, तोंडात बोट घालून तुकडा काढायला लागल्या, तिनं सगळं दूध ओकलं आणि मग ती पण रडली आणि सासूबाई पण. त्या म्हणाल्या मी तीन लेकरं खिमटावर वाढवली, तुझ्या मोबाईलपायी लेकराच्या जिवाशी खेळू नको. नवरा पण घाबरलाय. सासूबाईंचा जीव आहे हो तिच्यावर, मला त्यांच्याशी भांडायचं नाहीये.

व्हिडिओत सगळं ब्रोकोली अन् ॲव्होकाडो, आमच्याकडं ज्वारी, तुरीची डाळ, दुधी, शेपू. ह्यातलं काय देऊ? आणि दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की मला शाळेत रुजू व्हायचंय, दिवसभर सासूबाईंकडंच राहणार ती. कुणी हे केलंय का इकडं?

लातूरची_दोघांची_आई

ताई मी केलंय, दुसऱ्या लेकराला. पहिल्याला सगळं मिक्सरमधून काढून भरवायचे, दीड वर्षाचा झाला तरी भाताचं एक शीत अख्खं लागलं की थुंकायचा, वाटी घेऊन त्याच्यामागं गल्लीभर फिरले मी. दुसरीच्या वेळेस ठरवलं आमच्यासोबत ताटावर बसवायचं.

ब्रोकोली सोडून द्या. आपल्याकडचे शेंगोळे आठवा, लेकरासाठीच बनवल्यासारखी वस्तू आहे ती! ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, तिखट-मीठ न घालता करंगळीएवढे वळायचे आणि जिऱ्याच्या पाण्यात चांगले मऊ होईपर्यंत शिजवायचे. वडील माणसांच्या शेंगोळ्यापेक्षा दहा मिनिटं जास्तच. अंगठा आणि बोट ह्याच्यामध्ये दाबून बघायचं, लगेच चेपला तरच द्यायचा. हीच परीक्षा दुधीला, लाल भोपळ्याला, गाजराला, सगळ्याला. माझ्या लेकीनं पहिल्या दिवशी शेंगोळा मुठीत असा आवळला की बोटांच्या फटीतून बाहेर आला, मग तीच मूठ चोखत बसली अर्धा तास, पोटात काय गेलं असेल ते तिलाच माहीत. पण आठव्या दिवशी बरोबर टोक तोंडात घालायला लागली.

भाकरीचं मात्र सांगते, कोरडी देऊ नका, पापुद्रा टाळूला चिकटतो. मधली मऊ भाकर घट्ट वरणात भिजवून दोन बोटं रुंद पट्टी द्यायची. वरणफळं पण छान, फक्त चौकोनी न कापता लांब कापा. लांब का, तर ह्या वयात लेकराला मुठीतलंच धरता येतं, चिमटीत उचलायला आठ-नऊ महिने लागतात, म्हणून तुकडा मुठीच्या वर निघाला पाहिजे.

पसाऱ्याचं आधीच सांगून ठेवते. आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी, रोज फरशी धुणं परवडत नाही, मी जुनी सुती साडी चौघडी अंथरायचे, उघडं बसवायचे आणि सांडलेलं पुसून साडी उन्हात टाकायचे. खुर्ची घेतली नाही, माझ्या मांडीत, पाठ माझ्या पोटाला टेकवून ताठ बसवायचे. झोळीत किंवा आडवं असताना काही देऊ नका.

सिस्टर_नांदेड

मी वीस वर्षं बाळंतपणाच्या आणि लहान मुलांच्या वॉर्डात काम करतेय म्हणून जरा स्पष्ट लिहिते. तुमच्या बाळाला झालं ते घास अडकणं नव्हतं, ती उबळ होती. सहा-सात महिन्याच्या बाळाची उबळ जिभेच्या बऱ्याच पुढच्या भागावर असते, घास मागं जायच्या आतच शरीर तो पुढं ढकलतं. आवाज येतो, खोकला येतो, तोंड लाल होतं, अशा वेळी आपण हात मागं घ्यायचा आणि बाळाला पुढं झुकू द्यायचं. खरं अडकलं की आवाज बंद होतो. रडू फुटत नाही, खोकला निघत नाही, ओठ निळे पडायला लागतात. शांत बाळ म्हणजे धोका, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

आणि सासूबाईंना प्रेमानं समजावा की न दिसणाऱ्या घासाला बोट घालायचं नाही, तो आणखी आत ढकलला जातो. खरंच अडकलं तर बाळाला आपल्या हातावर पालथं घ्यायचं, डोकं छातीपेक्षा खाली, जबड्याला आधार, आणि पाठीवर दोन खवाट्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेनं ५ जोरदार थापा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध हाडावर ५ दाब, पुन्हा ५ थापा, निघेपर्यंत किंवा बाळ बेशुद्ध होईपर्यंत. दुसऱ्या माणसानं तेवढ्यात १०८ ला फोन लावायचा. बेशुद्ध झालं तर छातीवर दाब आणि श्वास देणं सुरू करायचं, ते एकदा समोर बसून शिकावं लागतं. वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट दाबायचं नाही. जवळच्या दवाखान्यात जाऊन हे बाहुलीवर करून बघा, तुम्ही, नवरा आणि सासूबाई तिघंही, कारण शाळा सुरू झाल्यावर बाळाजवळ त्याच असणार.

हातानं खाल्ल्यानं जास्त अडकतं का, तर न्यूझीलंडमध्ये दोनशेच्या वर बाळांवर अभ्यास झाला होता, २०१६ मध्ये छापून आला, त्यात आयांना नीट शिकवलेलं होतं आणि घास अडकण्याचं प्रमाण दोन्हीकडं सारखंच निघालं. पण त्यातच हे पण दिसलं की धोक्याच्या वस्तू दोन्ही गटांतल्या बऱ्याच बाळांना दिल्या गेल्या होत्या. म्हणजे चमचा का हात ह्यापेक्षा काय देता ते बघा. द्राक्ष उभं चिरून चार फोडी, कच्चं गाजर-सफरचंद नाही, अख्खा शेंगदाणा, फुटाणा, हुरड्याचे दाणे पाच वर्षांपर्यंत नाही. शेंगदाण्याचं कूट मात्र अगदी बारीक वाटून वरणात पातळ करून आत्ताच थोडं थोडं सुरू करा, त्यानं ॲलर्जीचा धोका कमी होतो असं आता दिसलंय (अंगावर जास्त इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा). मध वर्षाच्या आत बोटभरसुद्धा नाही.

बीडचा_बाप

मी बाप आहे, इथं सहसा वाचूनच जातो पण हे लिहिल्याशिवाय राहवलं नाही. माझ्या भावाचा मुलगा ११ महिन्यांचा असताना दिवाळीला कुणीतरी त्याच्यासमोर चिवड्याची बशी ठेवली. कुणी ठेवली ते आजपर्यंत कळलं नाही आणि कुणाला विचारायचं पण नाही. शेंगदाणा गेला. एकदा जोरात खोकला आला आणि मग थांबला, सगळे म्हणाले गेला पोटात. तीन दिवस छातीत घरघर, सर्दी आहे म्हणून औषध चालू, चौथ्या दिवशी मोठ्या शहरात नेलं, दुर्बिणीनं श्वासनळीतून अर्धा दाणा काढला. आज तो तिसरीत आहे, ठणठणीत आहे. पण वहिनी अजून घरात दाणे उघडे ठेवत नाही.

ताई तुमच्याकडं दिवाळीला नणंदा येतील, त्यांची लेकरं येतील, आणि लेकरं लेकराला भरवतात, लई हौस असते त्यांना. शिजवलेल्या दुधीची भीती बाळगू नका, बशी कुठं ठेवलीय तिकडं लक्ष ठेवा. आणि खोकला येऊन अचानक थांबला आणि मग घरघर लागली तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

अंगणवाडीताई_हिंगोली

सगळ्यांनी छान सांगितलं पण लोहाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहू लागले. बाळ जन्माला येताना आईकडून लोहाचा साठा घेऊन येतं, तो सहा महिन्याच्या आसपास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह कमी असतं. म्हणूनच सहा महिने ही वेळ. आता फक्त केळ अन् दुधी चोखत बसलं तर लेकरू खेळेल छान पण रक्त भरणार नाही. म्हणून रोज एक तरी लोहाची वस्तू द्या: डाळ, मुगाचं मऊ धिरडं, अंड्याच्या पातळ पोळीच्या पट्ट्या, घरात चालत असेल तर मऊ शिजवलेली कलेजी किंवा खिमा. वरणावर लिंबू पिळा, त्यानं लोह अंगी लागतं. आणि चहा-बिस्कीट अजिबात नको, आमच्या गावात सकाळी सकाळी लेकराला चहात बिस्कीट बुडवून देतात, मी दारोदार सांगून थकले पण सांगणं सोडत नाही.

आशाताईकडून लोहाचं औषध घ्या, ६ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा १ मिली असतं. शी काळी होते, घाबरू नका. ताप असेल किंवा घरात सिकलसेल, थॅलेसेमिया असा रक्ताचा आजार असेल तर आधी विचारा.

माझं मत विचाराल तर चमचा फेकून देऊ नका. घरी शिजवलेलं घट्ट खिमट चमच्यानं आणि समोर दोन शेंगोळे हातात, असं दोन्ही चालतं, लेकराला त्यातला फरक कळत नाही. सासूबाईंचं खिमट चुकीचं नाही ओ, फक्त पातळ करू नका. डाळीचं पाणी म्हणजे पिवळं पाणी, डाळ तर खाली भांड्यात राहते. चमचा तिरपा केल्यावर खिमट चटकन ओघळलं नाही पाहिजे. सहा ते आठ महिने दिवसातून २-३ वेळा, सुरुवातीला दोन-तीन चमचे आणि हळूहळू अर्धी वाटी, वर तुपाची धार, मीठ-साखर वर्षभर नको. अंगावरचं दूध आधीसारखंच चालू, वर्षभर अर्धी ताकद तरी त्यातूनच मिळते. देशाच्या २०१९-२१ च्या पाहणीत ६ ते २३ महिन्यांच्या शंभरातल्या जेमतेम ११ लेकरांना पुरेसं जेवण मिळत होतं, मी वजनाच्या दिवशी हे डोळ्यांनी बघते, म्हणून तळमळ होते.

तुमच्या छकुलीचं वजन चांगलं आहे. पण वजन कमी असलेल्या किंवा दिवस भरायच्या आधी झालेल्या लेकराला नुसतं हातावर सोडू नका कुणी, त्याला भरवावंच लागतं. महिन्याला वजन करून कार्डावरची रेघ वर जाते का बघा.

परभणीची_माय

उशिरा लिहितेय, दिवाळीची गडबड होती. सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः बीडच्या दादांचे, तुमचं वाचून मी रात्री उठून खालच्या फडताळातले फराळाचे डबे वरच्या फळीवर ठेवले.

सिस्टर, आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. तिथल्या मॅडमनी बाहुलीवर करून दाखवलं, सासूबाईंनी दोनदा करून बघितलं, आणि मॅडमना म्हणाल्या की आमच्या वेळेला कुणी हे दाखवलं असतं तर. त्यांच्या थोरल्या जावेचं लेकरू असंच गेलं होतं, पन्नास वर्षांपूर्वी, हे मला लग्नाला चार वर्षं होऊन पहिल्यांदा कळलं. त्या बोट घालायला का धावल्या ते मला तिथं बसल्या बसल्या समजलं.

आता सकाळी त्या खिमट भरवतात, घट्ट, तांदूळ आणि मुगाची डाळ भाजून स्वतः जात्यावर भरडलेलं. दुपारी ती आमच्या सोबत ताटावर. शेंगोळे पहिले तीन दिवस फक्त फेकले, चौथ्या दिवशी एक अर्धा गेला पोटात. उबळ अजून येते दिवसातून एखाद वेळेस, सासूबाई दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून बसतात, पण उठत नाहीत. काल छकुलीनं स्वतःच खोकून तुकडा पुढं आणला, बघितला, आणि परत तोंडात घातला. त्या म्हणाल्या, बघ बाई, कळतंय हिला.

सोमवारपासून शाळा. एक शेवटचं विचारते, माहेरहून सीताफळं आलीत पाटीभर, ते द्यायचं का? बियांची भीती वाटते.

लातूरची_दोघांची_आई

द्या की! फक्त गर चाळणीवर दाबून काढा म्हणजे एकही बी राहणार नाही, आणि मग स्वच्छ बोटानं परत एकदा चाचपून बघा. भरलेला चमचा तिच्या हातात द्या, तीच घालेल तोंडात. आणि बिया लगेच गोळा करून बाहेर टाका, ताटाच्या कडेला ठेवू नका, काळ्या चकचकीत असतात, तिला त्याच आधी दिसतील.