विषय: पाण्याच्या बाटल्या पाठवायच्या का?

नमस्कार मंडळी,
युद्धात सापडलेल्या मुलांसाठी जमलेल्या निधीतून पाण्याच्या बाटल्या पाठवाव्यात, अशी सूचना आली आहे. आपलं मत कळवा.
– सचिव

---

ताई, नमस्कार.
हेतू फार चांगला आहे, पण बाटल्यांना माझा विरोध आहे. माझी सारी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

युद्धात पाणी जातं ते दरवेळी जलकेंद्रावर बॉम्ब पडल्यामुळेच असं नाही. वीज जाते, डिझेल संपतं, पंप थांबतात. नळातला दाब गेला की गळक्या सांध्यांतून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. पुढे नळाला पाणी येतं ते दिसायला स्वच्छ, आणि तेच पोरांच्या पोटात जातं. युनिसेफने २०१९ मध्ये १६ संघर्षग्रस्त देशांचा अभ्यास मांडला होता. तिथे पाच वर्षांखालची मुलं प्रत्यक्ष हिंसाचारापेक्षा दूषित पाण्याच्या जुलाबांनी दगावण्याची शक्यता २० पटींहून जास्त होती. हे वाचल्यावर मला त्या रात्री झोप लागली नाही. येमेनमध्ये २०१७ अखेर पटकीचे संशयित रुग्ण दहा लाखांवर गेले होते.

आता हिशेब बघा. मदतकार्याच्या मानकांप्रमाणे माणशी रोज किमान १५ लिटर पाणी लागतं. हजार मुलांचं झालं १५ टन, तेही रोज! उलट क्लोरीनच्या एका गोळीत २० लिटरचा कॅन शुद्ध होतो. क्लोरीन, पंपाचे सुटे भाग आणि डिझेल यांवर पैसे घाला.

---

काकांचं पटलं. मात्र संडास विसरू नका. २० जणांमागे एक, हे मानक आहे. छावण्यांत रांगा त्याहून कितीतरी मोठ्या असतात. अंधारात तिथवर जायची भीती वाटते म्हणून वयात आलेल्या मुली संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. पाळीच्या दिवसांत तर धुवायला आडोसाही मिळत नाही. दाराला आतून कडी, वर दिवा, आत पाणी आणि पॅड टाकायला झाकणाचा डबा, एवढं हवंच. शिवाय पाणी भरायला पाठवतात ते मुलांनाच, त्यात शाळा बुडते. म्हणून नळ वस्तीजवळ हवा.

---

काका, काकू, मनापासून आभार. बाटल्यांचा ठराव मागे घेते. रविवारच्या बैठकीत क्लोरीन, पंप आणि कडी-दिव्याचे संडास असा नवा प्रस्ताव ठेवते. काकू, पॅडची रक्कम त्यात वेगळी दाखवायची का, तेवढं शनिवारपर्यंत कळवा.
– सचिव