मदत हवी आहे: ऑक्सिजन नसताना लॅक्टेट बनवून पेशीला मिळतं काय?

बायोलॉजीवाल्यांनो, जरा मदत करा. ग्लायकोलिसिस (पेशीत ग्लुकोज तोडायचा पहिला टप्पा) कळलं, एका ग्लुकोजचे 2 पायरुवेट होतात, 2 एटीपी (पेशी एनर्जी म्हणून वापरते ते रेणू) हातात पडतात आणि ऑक्सिजन लागतच नाही. पण पुढे स्नायू त्या पायरुवेटचं लॅक्टेट करतात, यीस्ट कार्बन डायऑक्साइड सोडून अल्कोहोल करतं, आणि या स्टेपला एक पण एटीपी मिळत नाही! मग कशाला हा उपद्व्याप? पुस्तकात एवढंच दिलंय की एनएडीएचचं (ग्लुकोजकडून इलेक्ट्रॉन घेऊन भरलेला वाहक रेणू) परत एनएडी (तोच रेणू, रिकामा) होतं, हे एनएडी संपलं तर ग्लायकोलिसिसच अडकतं. म्हणजे रिकामी करून परत वापरायची पाटी, तसं का ते? आणि अल्कोहोलमध्ये तर भरपूर एनर्जी उरलेली असते (पेटतं की ते!), मग यीस्ट ती बाहेर का टाकून देतं? दोन दिवस याच पानावर अडकलोय, कोणीतरी सोप्यात सांगा ना.