पणजोबांचं तैलचित्र गायब: विनोदी रहस्य एकांकिकेतली चोरी पक्की कशी बसवावी?

तिसरी_घंटा

नमस्कार मंडळी. ४५ मिनिटांची विनोदी रहस्य एकांकिका आहे. सहा पात्रं, एकच नेपथ्य: अंबाजोगाईकडच्या जुन्या वाड्याची ओसरी. भिंतीवर पणजोबांचं १९३८ सालचं तैलचित्र. मुंजीच्या पंगतीत लाइट जाते, परत येते तेव्हा चित्र नाही. शोध घेतात निवृत्त तलाठी आबा. चोर म्हणजे धाकटे जावई. पकडले गेल्यावर ते जुनी पावती काढतात, "चित्र मुळात आमच्याच घरचं." पावती बनावट.

अडचणी तीन. लाइट गेली तेव्हा जावईच जागेवर नव्हते, त्यामुळे चोर पंधराव्या मिनिटाला ओळखू येतो. पावती खोटी कशी ठरवायची ते सुचत नाही. आणि शेवटची दहा मिनिटं आबा नुसते उलगडून सांगतात, तिथं हशा पूर्ण थांबतो.

रंगपेटी

आधी चोरीचं बघू, कारण ती आत्ता होऊच शकत नाही. दोन बाय तीन फुटांचं चित्र, सागवानी चौकट, वर काच. एवढा बोजा अंधारात, पंगतीतल्या माणसांवरून, बारा-पंधरा सेकंदांत कुणी नेऊ शकत नाही. ब्लेडनं कॅनव्हास कापून न्यायचा म्हटलं तरी आधी काच काढावी लागते, शिवाय ताणलेल्या जुन्या कॅनव्हासवर ब्लेडचा करकर आवाज होतो.

म्हणून चोरी सकाळीच होऊ द्या. मंडपवाल्यानं भिंतीला झालर लावली, तिच्यामागं चित्र आहे की नाही कुणी पाहिलं? प्रत्येकाला वाटलं, झालर लावताना दुसऱ्या कुणीतरी उतरवून ठेवलं असेल. खऱ्या चोरीत हे झालेलं आहे. २१ ऑगस्ट १९११ ला, सोमवारी, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातून मोनालिसा गेली. मंगळवारी जागा रिकामी दिसली, तरी पहारेकऱ्यांना वाटलं की फोटो काढायला नेली असेल. चित्र मिळायला डिसेंबर १९१३ उजाडला.

तुमच्याकडं अंधारात फक्त कुणीतरी अडखळतो आणि झालर खाली येते. लाइट येते, भिंत रिकामी. मग सगळे त्या बारा सेकंदांचा हिशेब मागत बसतात. जावयांना त्या वेळी पंगतीत वाढायला उभं करा, हातात मठ्ठ्याची बादली द्या. चौदा जण साक्ष देतील की बादली हलली नाही. पहिली अडचण इथंच मिटते.

आता भिंत. वाड्यात दिवाळीआधी रंग देताना जड चित्र सहसा उतरवत नाहीत, रंगारी कडेकडेनं ब्रश फिरवतो. त्यामुळे चित्रामागं जुना रंग राहतो. भिंत आता पिवळी असेल तर तिथं जुन्या हिरव्या चुन्याचा चौकोन दिसला पाहिजे. खिळ्याखाली पालीच्या अंड्यांची दोन पांढरी टरफलं आणि जाळ्याचा धागा. हा चौकोन नीट रंगवा, पुढं तो कामाला येणार आहे.

लपवणं: जावई चित्र माळवदावर (वाड्याच्या सपाट छतावर) नेतात, चौकट बळदात (धान्याच्या कोठारात) टाकतात, मागच्या पट्ट्यांवरच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, उपटून कॅनव्हास सोडवतात आणि गुंडाळून पीव्हीसी पाइपात घालतात. इथं त्यांची चूक होते. तैलरंगाचा कॅनव्हास गुंडाळायचाच असेल तर रंगाची बाजू बाहेर ठेवतात आणि रुंद नळीवर गुंडाळतात. रंग आत ठेवून घट्ट गुंडाळला की जुना, कडक झालेला थर दाबला जाऊन चुरतो आणि पापुद्रे सुटतात. जावई शेतातला ६३ मिमीचा तुकडा वापरतात आणि रंग आत ठेवतात, "धूळ लागू नये" म्हणून. पाइप उभा केला की खालून पणजोबांची मिशी गळते. अंड्याची टरफलं काळ्या रंगात रंगवून पाइपात भरा, खाली पितळी परात ठेवा. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज जातो.

दप्तर_कारकून

पावतीचं मी सांगतो. १९३८ म्हणजे निजामी अंमल, आणि तेव्हाच्या कागदात आजचं गाव शोधणाऱ्याला पुष्कळ खड्डे आहेत.

अंबाजोगाई तेव्हा सरकारदरबारी मोमिनाबाद होतं. लातूर जिल्हाच नव्हता. तो १६ ऑगस्ट १९८२ ला झाला, त्याआधी लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात. पिनकोड १९७२ चा. दशमान पैसे १ एप्रिल १९५७ पासून, त्याआधी रुपये-आणे-पै. हैदराबाद संस्थानात तर हाली सिक्का चालायचा, इंग्रजी रुपयाहून थोडा हलका: साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये. सरकारी कागदावर साल फसली, म्हणजे महसुली, असायचं, इसवी सनातून महिन्याप्रमाणे ५९० किंवा ५९१ वजा. म्हणजे १९३८ च्या उन्हाळ्यातला कागद १३४७ फसलीचा.

हे सगळं एका पावतीत कोंबू नका. दोनच चुका ठेवा: "जि. लातूर" आणि "रु. २५.५०". पैशाची चूक आधी, कारण ती प्रेक्षकांना आबांच्या आधी लक्षात यायला हवी. ₹ हे चिन्ह नको, ते २०१० चं आहे. पहिल्या रांगेतलं पोरगंही ओळखेल. जिल्ह्याची चूक मात्र फक्त तलाठ्यालाच दिसावी. आबांनी पावती उन्हात धरायची नाही, भिंग लावायचं नाही. नुसतं विचारायचं: "जावईबापू, हा जिल्हा कवा झाला?" सासूबाईंनी पटकन उत्तर द्यावं, त्यांची सोयरिक त्याच वर्षी जमली होती म्हणून त्यांना तारीख पाठ.

बीड_बायपास

पोलीस ठाण्याचा उल्लेख येणार असेल तर एवढं पाहा: १ जुलै २०२४ नंतरची घटना असेल तर राहत्या घरातली चोरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली येते. त्याआधीची असेल तर भादंवि, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं, कलम ३८०. हवालदाराच्या तोंडी जुनं कलम गेलं तर आमच्याकडचे वकील मध्यंतराचीही वाट बघत नाहीत.

विंगेतला_माणूस

तिसरी अडचण खरी मोठी आहे. रहस्याचा उलगडा बोलून केला की विनोद मरतो, म्हणून पुरावा आधी हसवून मोकळा झालेला पाहिजे. प्रेक्षक एकदा ज्याला हसला, त्याच्याकडं पुरावा म्हणून बघत नाही.

आबांना तलाठीच ठेवा, गुप्तहेर करू नका. तिसऱ्या मिनिटाला ते रिकाम्या भिंतीचा पंचनामा शेताच्या खरेदीखतासारखा लिहितात. चतुःसीमा: पूर्वेस समई, पश्चिमेस कोनाडा, उत्तरेस आढं, दक्षिणेस वहिनींचा मिक्सर. क्षेत्र: २८ इंच बाय ४० इंच, पैकी पोटखराबा पालीची अंडी. दोन पंचांच्या सह्या. इथं भरपूर हसू द्या. पस्तिसाव्या मिनिटाला पावती येते, तिच्यावर "चित्र, चौकटीसह, १८ बाय २४ इंच". आबा काहीच बोलत नाहीत, पंचनाम्याचा कागद पंचाच्या हातात देतात. तो मोठ्यानं वाचतो. हिरवा चौकोन मागं आहेच.

रंगपेटींनी कॅनव्हासच्या चुका (बारीक खिळे) सांगितल्या, त्यातली एक जावयांच्या चपलेत रुतवा. शहाबादी फरशीवर प्रत्येक पावलाला टक्. हा आवाज सुरुवातीपासून असावा. घरच्यांना वाटतं जावयांनी नवी चप्पल घेतली. रंगमंचाची लाकडी फळी टक् घेत नाही, ती मऊ वाजते. चालण्याच्या वाटेवर खऱ्या फरशीचे चार तुकडे बसवा आणि दोन्ही पावलांना नको, फक्त डाव्याला खिळा लावा. लंगडी लय येते.

चित्राला फ्लेक्स वापरू नका, प्रकाशात चकाकतो आणि चेहराच दिसत नाही. मांजरपाट ताणा, फेव्हिकॉल आणि खडूच्या पुडीचे दोन हात द्या, वाळल्यावर ॲक्रिलिक. दहाव्या रांगेसाठी चेहरा निदान नऊ इंच हवा. अंधार बारा सेकंदांचाच. वीसच्या पुढं गेला की लोक मोबाइलचा टॉर्च लावतात आणि झालर पाडणारा दिसतो.

भाषा: आबांच्या तोंडी "काय करायलास", "कामून" राहू द्या. जावई पुण्याचं नेटकं बोलतील, घाम फुटला की त्यांचंही "कामून" निघेल.

तिसरी_घंटा

झालर, बादली आणि चपलेचा खिळा तिन्ही घेतले. एक शंका: पाइप ओसरीत उभा असेल तर प्रेक्षक लगेच संशय घेतील ना?

रंगपेटी

एकच पाइप असेल तर घेतील. ठिबकचं साहित्य म्हणून कोपऱ्यात पाच ठेवा, ६३ आणि ७५ मिमीचे मिसळून. येता-जाता प्रत्येक पात्र त्यांवर काहीतरी टेकवतं, टोपी, छत्री, पिशवी. रिकामा पीव्हीसी टणटण वाजतो, आत कॅनव्हास असेल तर बद्द. आबांनी शेवटी काठीनं ओळीनं पाचही वाजवावेत, चौथा बद्द वाजावा, आणि त्यांनी पाचवाही वाजवून बघावा. तलाठी माणूस, मोजणी अर्धी सोडत नाही. तोवर वहिनींनी परात खाली सरकवलेली असेल.