घरशाळा: दुसरी ते चौथीच्या गणितासाठी कोणता अभ्यासक्रम घ्यावा?

सायली_नाशिक:
मुलगी सात वर्षांची, शाळेत नाव घातलेलं नाही. घरात मराठी. शंभरपर्यंत मोजते, एक अंकी बेरीज बोटांवर करते. पाचवीला शाळेत घालू, नाहीतर पुढे एनआयओएस (शाळेत न जाता परीक्षा देता येणारं राष्ट्रीय मुक्त विद्यालय), असं चाललंय. समोर चार पर्याय आहेत: बालभारती, एनसीईआरटीची नवी पुस्तकं (दुसरीपर्यंत जॉयफुल मॅथेमॅटिक्स, तिसरीपासून मॅथ्स मेला), सिंगापूरचं प्रायमरी मॅथेमॅटिक्स आणि मॅथ मॅमथ (घरी शिकवण्यासाठीची इंग्रजी पुस्तकमालिका). दोन अभ्यासक्रम एकदम चालवावेत का? साहित्य काय लागेल? रोज पाऊण तास देता येईल.

दशक_सुट्टे:
पुस्तक मागवण्याआधी तोंडी तपासणी करा. वही नको. आइस्क्रीमच्या शंभर काड्या आणि रबर बँड पुरे.

आधी विचारा, ८ आणि ५ किती, आणि कसं काढलंस. "आठात दोन घातले की दहा, राहिले तीन, म्हणून तेरा" असं काही आलं तर उत्तम. एकेक बोट मोजत असेल तर दहाच्या जोड्या (७ व ३, ६ व ४) पक्क्या नाहीत. मग काड्यांचा ढीग ओतून ३४ काड्या मागा. दहादहाचे गठ्ठे बांधते की एकेक काडी मोजून देते, ते बघा. शेवटी, या ३४ मध्ये आणखी १० घातल्या तर किती? लगेच ४४ न म्हणता पुन्हा मोजायला लागली तर दशक म्हणजे तिच्या दृष्टीने अजून फक्त डावीकडचा आकडा आहे, दहांचा गठ्ठा नाही.

यात अडखळली तर वय कितीही असो, पहिलीच्या उत्तरार्धापासून सुरुवात करा. हे टाळून थेट दुसरीचं पुस्तक उघडलं की बेरजेपर्यंत सगळं सुरळीत दिसतं आणि वजाबाकीला घोडं अडतं. ५२ − २८ = ३६ हे त्याचं हमखास लक्षण. मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतं, कारण त्याच्यासाठी ५२ ही एक संख्या नसून शेजारी ठेवलेले दोन अंक असतात. उपाय एकच: उभी मांडणी दोन-तीन आठवडे बंद. पाच गठ्ठे, दोन सुट्ट्या काड्या समोर ठेवायच्या. २८ द्यायच्या म्हटल्यावर एक गठ्ठा तिनेच सोडायचा. मग हेच संख्यारेषेवर उड्या मारून: ५२ वरून ३२, तिथून दोन मागे ३०, आणखी सहा मागे २४. हे जमल्यावरच उसना घेण्याची खूण लिहायला शिकवा.

आता निवड. कणा, म्हणजे मुख्य अभ्यासक्रम, एकच ठेवा. दोन अभ्यासक्रमांत विषयांचा क्रम वेगळा असतो. एकात गुणाकार आधी येतो, दुसऱ्यात वजाबाकी पूर्ण झाल्यावर. मुलाच्या हाती दोन्हीकडचं अर्धं अर्धं लागतं. मी बालभारती कणा धरेन. भाषा घरातली, पीडीएफ मोफत, पाचवीला शाळेत गेली तर मांडणी तीच. उणीव एवढीच की दोन पायऱ्यांमधली उदाहरणं कमी पडतात. एका प्रकारची आठ-दहा उदाहरणं तुम्हालाच वहीत काढून द्यावी लागतील. एनसीईआरटीत कृती आणि खेळ छान आहेत, सराव त्यातही थोडाच. आठवड्यातून एक दिवस त्यातल्या कृतींना द्या.

ओळंबा:
कणा एकच, हे मान्य. बालभारतीबद्दल मत वेगळं. पालकाला गणित शिकवायची सवय नसेल तर "मधली उदाहरणं तुम्हीच काढा" हा सल्ला महागात पडतो, कारण कोणती पायरी गळली हेच पालकाच्या लक्षात येत नाही. मॅथ मॅमथच्या फिकट निळ्या मालिकेत (संपूर्ण अभ्यासक्रम तोच, गडद निळी मालिका विषयवार आहे) पायऱ्या अगदी लहान आहेत आणि समजावणं व सराव एकाच पुस्तकात येतं. प्रत्येक इयत्तेचे अ आणि ब असे दोन भाग. पातळी ठरवण्याची चाचणी मोफत मिळते, ती आधी सोडवून घ्या. पानावर उदाहरणांची गर्दी फार असते, म्हणून निम्मीच सोडवायची, एकाआड एक.

इंग्रजी आहे, पण सात वर्षांच्या मुलीला वाचायला देऊच नका. तुम्ही वाचा आणि मराठीत सांगा. नाहीतर ती अडली की गणितात अडली की वाक्यात, हे कळत नाही. डॉलर, इंच, पौंड यांचे धडे सरळ गाळा. त्याऐवजी खरी नाणी, टेप आणि किराण्याचा काटा.

सिंगापूरच्या पुस्तकांतून मात्र पट्ट्यांची आकृती जरूर उचला, कणा कोणताही असो. "समीरकडे ३२ गोट्या आहेत, त्या रियापेक्षा ८ ने जास्त आहेत. रियाकडे किती?" बरीच मुलं "जास्त" शब्द दिसताच ४० म्हणतात. समीरची लांब पट्टी, खाली रियाची आखूड, फरकाच्या तुकड्यावर ८ असं काढलं की वजा करायचंय हे डोळ्यांना दिसतं. शब्द हेरून क्रिया ठरवण्याची सवय लागण्याआधी, म्हणजे दुसरीतच, हे सुरू करावं.

चिंचोके:
वरच्या दोघांनी एक गोष्ट सोडली: मराठी संख्यानामं. शेहेचाळीस ऐकताना सहा आधी येतो, लिहिताना चार. म्हणून ६४ लिहिलं जातं. एकोणतीस ऐकून ३९ लिहिणं तर घरोघरी. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत अशी आठ नावं आहेत आणि नव्व्याण्णव पुन्हा निराळं. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन अशी वाचनाची पद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! विनोद पुष्कळ झाले. गणिताच्या अंगाने पाहिलं तर पद्धत सरळ आहे. घरी दोन्ही वापरा: काड्या मांडताना "चाळीस सहा", मग लगेच "शेहेचाळीस". रोज दोन मिनिटं श्रुतलेखन, त्यात मुद्दाम फसव्या जोड्या घ्या: ३६ व ६३, ५७ व ७५, ५९ व ६९.

इंग्रजी पुस्तक घेतलंत तर अंकांची लिपीही सांभाळा. मराठी माध्यमाच्या पुस्तकात देवनागरी अंक असतात. देवनागरी चार बघून इंग्रजी आठ वाचला जातो, पाच बघून इंग्रजी चार. पहिले काही महिने एकच लिपी ठेवा. आणि परदेशी पुस्तकात पाच अंकांच्या पुढे गेलात की स्वल्पविराम बदला. तिथे लाख नाही, शंभर हजार आहे.

साहित्य फार घेऊ नका. काड्या, शंभर मण्यांची गणितमाळ (दहा लाल, दहा पांढरे, आलटून पालटून), दोन ओळी गुणिले पाच घरांची दहाची चौकट पुठ्ठ्यावर आखलेली, आणि १, १०, १०० च्या खोट्या नोटा. नोटा काड्यांच्या नंतरच. दहाची नोट एकाच्या नोटेच्या दसपट मोठी दिसत नाही, त्यामुळे गठ्ठा पक्का नसलेल्या मुलाला तो नुसता रंगीत कागद वाटतो.

एनआयओएसची काळजी आत्ता नको. त्यांच्या मुक्त मूलभूत शिक्षणाचे अ, ब, क स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीचे आहेत, आणि थेट दहावीला बसायचं तर किमान वय १४.

सायली_नाशिक:
आभार. तपासणी घेते. पाढ्यांचं काय? आजी म्हणतात तीसपर्यंत आत्ताच पाठ करून घे.

दशक_सुट्टे:
आजींना थोडं थांबायला सांगा. आधी २, ५, १० हे गणितमाळेवर उड्या मारून. २ पक्का झाला की त्याची दुप्पट ४, मग ३, ६, ९, ८ आणि शेवटी ७. १, २, ५, १० येत असतील आणि ३ × ७ म्हणजेच ७ × ३ हे कळलं असेल, तर दहापर्यंतच्या पाढ्यांत फक्त २१ गुणाकार नवे उरतात. एका कार्डावर एक, आठवड्याला तीनच.

मॅथ मॅमथ घेतलंत तर एक अडचण येईल. आपला "बे त्रिक" म्हणजे २ हा आकडा तीन वेळा. त्या पुस्तकात २ × ३ म्हणजे तीनचे दोन गट. उत्तर एकच येतं, पण चित्र काढताना मूल गोंधळतं. बटणं दोन ओळींत तीन-तीन मांडा आणि कागद फिरवून दाखवा. अकरा ते तीस हे पाढे भागाकार सुरू झाल्यावर घ्या, त्यातही १२, १५, २५ आधी.

ओळंबा:
पाऊण तास सलग बसवू नका. सकाळी पंचवीस मिनिटं नवीन भाग, संध्याकाळी दहा मिनिटं जुन्याची उजळणी, उरलेली दहा मिनिटं खेळ. उजळणीतली पाच उदाहरणं तरी मागच्या महिन्यातली असावीत. मॅथ मॅमथ एकेक विषय पुरता संपवून पुढे जातं, त्यामुळे आधीचं घड्याळ, मोजमाप मूल विसरतं.