डेमलो संख्या: नुसती दिसायलाच गोंडस नाही
कोणीतरी लिहिलंय की १२३४५६७८९८७६५४३२१ ही डेमलो संख्या (नऊ एक ओळीने लिहिले, १११११११११, की त्याचा वर्ग) हा फक्त अंकांचा खेळ आहे, खरं नंबर थिअरीचं त्यात काही नाही. अर्धं मान्य. डिझाईन दिसतं ते दशमान पद्धतीमुळेच, आणि ते टिकतही नाही, नऊच्या जागी दहा एक घेऊन वर्ग केलात की हातचा घुसतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असलं काहीतरी येतं. पण अवयव पाडून बघा की! १११११११११ = ९ × ३७ × ३३३६६७, म्हणजे आपल्या संख्येत ३ चा चौथा घात आणि बाकी दोघांचे वर्ग, एकूण विभाजक ४५. आता अंकांची बेरीज करा, ८१ येते, आणि ८१ ने तिला पूर्ण भाग जातो, उत्तर १२३४५६७९ चा वर्ग (८ गायब आहे, टायपो नाही). म्हणजे ही हर्षद संख्याही (स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणारी) झाली, आणि डेमलो काय, हर्षद काय, दोन्ही नावं देवळालीच्या गणिती कापरेकर मास्तरांचीच. डेमलो हे डोंबिवली स्टेशनचं जुनं नाव, कल्पना तिथे सुचली म्हणून.

पण मला खरा हिरो ३३३६६७ वाटतो. १ ला त्याने भागलं की दशांशात नऊ अंकांचा गट पुन्हापुन्हा येत राहतो, आणि बरोब्बर नऊचा गट देणारी दुसरी मूळ संख्याच नाही, कारण असा गट देणाऱ्या मूळ संख्येने ९९९९९९९९९ = ९९९ × १००१००१ मधल्या १००१००१ ला भाग जायलाच हवा, आणि १००१००१ = ३ × ३३३६६७, ३ चा गट तर एकाच अंकाचा. ह्याला नुसता अंकांचा खेळ कसं म्हणणार?