मदत हवी आहे: व्हर्च्युअलबॉक्समधील कोहाचे कर्मचारी-पान उघडते, पण ओपॅक (वाचकांचे पुस्तक शोधण्याचे पान) उघडत नाही

नमस्कार.

आमच्या तालुक्याच्या गावातील 'ब' वर्ग वाचनालयात दाखल नोंदवही आणि देवघेव अजून हातानेच लिहिली जाते. कार्यकारी मंडळाने संगणकीकरणाचा निर्णय घेण्यापूर्वी कोहा ही मुक्तस्रोत ग्रंथालय प्रणाली त्यांना प्रत्यक्ष चालताना दाखवावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. कारण हवे असलेले पुस्तक कपाटात आहे की कोणी नेले आहे, हे सभासदाला स्वतः शोधता येणे किती मोलाचे आहे, ते माहितीपत्रक वाचून उमगत नाही. सभागृहात इंटरनेट नसल्याने सर्व काही एकाच लॅपटॉपवर चालायला हवे.

लॅपटॉपवर विंडोज असून रॅम ८ जीबी आहे. त्यातील ३ जीबी देऊन व्हर्च्युअलबॉक्समध्ये (लॅपटॉपच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणारे सॉफ्टवेअर) डेबियन ही लिनक्स प्रणाली बसवली आहे आणि त्यावर कोहा. नेटवर्क 'नॅट' पद्धतीचे (आभासी संगणक लॅपटॉपच्याच जोडणीतून बोलतो असे) ठेवून लॅपटॉपचे ८०८० पोर्ट (जोडणीचे क्रमांकित दार) आतल्या ८० कडे आणि ८०८१ पोर्ट आतल्या ८०८० कडे वळवले आहे. 'लोकलहोस्ट:८०८१' वर कर्मचाऱ्यांचे पान व्यवस्थित उघडते. मात्र 'लोकलहोस्ट:८०८०' वर वाचकांच्या ओपॅकऐवजी अपाचे या वेब सर्व्हरचे नमुना-पान दिसते. शिवाय मंडळाच्या सदस्यांनी आपापल्या मोबाईलवरून पुस्तक शोधून पाहावे, असेही मनात आहे. त्यासाठी 'ब्रिज्ड' नेटवर्क (आभासी संगणकाला स्वतंत्र पत्ता देणारे) घ्यावे लागेल का?

उत्तर

कर्मचाऱ्यांचे पान उघडते, त्याअर्थी पोर्ट वळवण्याची आपली मांडणी बरोबर आहे. अडचण अपाचेच्या साइट निवडण्याच्या रीतीत आहे. एकाच पोर्टवर अनेक साइट असतील, तर ब्राउझरने कोणत्या नावाने विचारणा केली हे पाहून अपाचे त्यांतील एक निवडतो आणि नाव कोणाशीच जुळले नाही, तर यादीतील पहिली साइट देतो. आतल्या ८०८० वर कोहाची एकच साइट असल्याने ती कोणत्याही नावाला उत्तर देते. ८० वर मात्र ओपॅकच्या आधी अपाचेची मूळ साइट उभी आहे. ती बंद करून अपाचे रीलोड करा.

विंडोजच्या होस्ट्स फाइलमध्ये (नावे व आयपी पत्ते जुळवणारी त्या लॅपटॉपपुरती यादी) ओपॅकचे नाव लिहूनही हे साधते, परंतु त्या फाइलचा उपयोग मोबाईलना होत नाही. म्हणून आपल्यासाठी पहिला उपायच योग्य. 'ब्रिज्ड'ची गरज नाही, आणि काही वायफाय कार्डांवर ते नीट चालतही नाही. पोर्ट वळवण्याच्या नियमात होस्ट आयपीचा रकाना रिकामा ठेवा, विंडोजच्या फायरवॉलमध्ये ८०८० ला परवानगी द्या आणि मोबाईल व लॅपटॉप एकाच हॉटस्पॉटला जोडा. मोबाईलवर लॅपटॉपचा आयपी पत्ता आणि त्यापुढे ':८०८०' लिहिले की ओपॅक उघडेल.

सर्व चालू झाल्यावर आणि नमुन्याची पुस्तके नोंदवून झाल्यावर आभासी संगणक बंद करून त्याचा एक स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या स्थितीची जतन केलेली नोंद) अवश्य घ्या, म्हणजे सरावात झालेली देवघेव पुसून प्रात्यक्षिकाच्या दिवशी कोऱ्या स्थितीतून सुरुवात करता येईल.