पूर्ण खरा नसलेला सिद्धांत अभियंते बिनदिक्कत कसा वापरतात?

कुतूहल:
भौतिकशास्त्रात शिकवतात की निरीक्षण सिद्धांताशी जुळलं नाही तर सिद्धांत बदलायचा. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये (भाराखाली वस्तू किती वाकते-तुटते याच्या विषयात) मात्र ‘बीम (आडवी तुळई) वाकला तरी त्याचा छेद, म्हणजे आडवा काप, सपाटच राहतो’ असं पहिल्या दिवसापासून धरून चालतात, आणि हे पूर्ण खरं नाही हेही तिथंच सांगतात. अभियंत्यांना खऱ्या-खोट्याशी देणंघेणं नसतं का? आणि असं गृहीतक कुठवर चालवायचं हे ठरवतात कसं?

सपाटछेद:
देणंघेणं असतं, फक्त ते आकड्यांत विचारलं जातं: चूक किती, कोणत्या बाजूची, आणि इथं किती चालेल.

तुमचंच गृहीतक घ्या. त्यावर उभा असलेला ऑयलर-बर्नोली सिद्धांत शिअरमुळे (थर एकमेकांवर सरकण्यामुळे) येणारं डिफ्लेक्शन, म्हणजे बीमचं खाली झुकणं, सोडून देतो. आयताकृती छेदाचा, दोन्ही टोकांना साधा आधार असलेला आणि सगळीकडे सारखा भार असलेला बीम असेल, तर हा सोडलेला भाग बेंडिंगच्या (वाकण्याच्या) डिफ्लेक्शनच्या साधारण ०.९६ × (ई ÷ जी) × (खोली ÷ स्पॅन)² इतका असतो. खोली म्हणजे बीमची उभी जाडी, स्पॅन म्हणजे दोन आधारांमधलं अंतर. ई म्हणजे यंग मॉड्युलस (ताणायला होणारा विरोध), जी म्हणजे शिअर मॉड्युलस (शिअरला होणारा विरोध). स्टीलसाठी ई ÷ जी सुमारे २.६. स्पॅन खोलीच्या १० पट असेल तर चूक २.५ टक्के, ५ पटीला १० टक्के, ३ पटीला २८ टक्के. भाराचाच अंदाज १० टक्क्यांनी चुकू शकतो, तिथं अडीच टक्क्यांसाठी कुणी शिअरही हिशेबात धरणारा टिमोशेन्कोचा सिद्धांत वापरत बसत नाही.

पण दोन गोष्टी विसरू नका. ही चूक धोक्याच्या बाजूची आहे, म्हणजे बीम हिशेबापेक्षा जास्त वाकतो. शिवाय लाकडात ई ÷ जी १६ च्या आसपास असतं, त्यामुळे त्याच १० पट स्पॅनला चूक १५ टक्क्यांवर जाते. स्टीलवर पाठ केलेला ‘१० पट’चा नियम लाकडाला लावला की फसगत ठरलेली.

कक्षा४३:
विज्ञानाची बाजूही वर्गात जरा जास्तच सोपी करून सांगतात. बुधाच्या कक्षेचा सूर्याजवळचा बिंदू न्यूटनच्या हिशेबापेक्षा जास्त सरकतो, हे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लव्हेरिएने १८५९ मध्येच दाखवलं होतं. आजच्या मोजणीनुसार ही तफावत शतकाला सुमारे ४३ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आहे. तरी न्यूटनला कुणी सोडलं नाही. आधी बुधाच्या आत आणखी एखादा ग्रह असेल म्हणून शोधाशोध झाली. उत्तर मिळालं ते १९१५ मध्ये, सामान्य सापेक्षतेतून. पूल बांधणाऱ्याच्या लेखी ही तफावत शून्यच. वैज्ञानिकासाठी मात्र सगळा अर्थ तिच्यातच होता.

आणि गरज पडली की अभियंतेही सापेक्षता वापरतातच. जीपीएस उपग्रहातलं घड्याळ कमी गुरुत्वामुळे दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातं, वेगामुळे ७ मागे पडतं. उरलेल्या ३८ मायक्रोसेकंदांत प्रकाश ११ किलोमीटरहून जास्त जातो. म्हणून घड्याळाची फ्रिक्वेन्सी उड्डाणाआधीच १०.२३ मेगाहर्ट्झपेक्षा किंचित कमी ठेवतात.

झुलता:
‘चूक किती’ हा प्रश्न नेहमी पुरत नाही. अमेरिकेतल्या टॅकोमा नॅरोज या झुलत्या पुलाचा मुख्य स्पॅन ८५३ मीटर होता आणि रस्त्याला ताठपणा देणाऱ्या गर्डरची खोली फक्त २.४ मीटर. त्या काळची झुलत्या पुलांची डिफ्लेक्शन थिअरी स्थिर भारासाठी उत्तम होती, आणि तिच्या हिशेबात इतका सडपातळ डेक (पुलाचा रस्त्याचा भाग) बसत होता. ७ नोव्हेंबर १९४० ला ताशी ६५ किलोमीटरच्या आसपासच्या वाऱ्यात डेक पीळ पडत हेलकावू लागला आणि तुटला. वाऱ्याने वाढत जाणारा पीळ त्या समीकरणांत कुठेच नव्हता, मग त्याची टक्केवारी काढणार कशी? मापं आधीच्या अनुभवाबाहेर जायला लागली की कोणत्या घटना समीकरणातून गाळल्यात त्याची यादी आधी करा. लांब झुलत्या पुलांची मॉडेलं विंड टनेलमध्ये तपासणं त्यानंतरच रूढ झालं.

कुतूहल:
कॉलम (उभा खांब) कोणत्या भाराला बाजूला वाकून जाईल हे सांगणारं ऑयलरचं सूत्र लावतानाही अशीच हद्द असते का?

सपाटछेद:
हो. २५० मेगापास्कल यील्डच्या (म्हणजे त्या ताणाला कायमचं विरूपण सुरू होणाऱ्या) स्टीलला स्लेंडरनेस रेशो (कॉलम किती सडपातळ आहे ते सांगणारा आकडा) ८९ च्या खाली गेला की ऑयलरचा भार यील्डच्या भारापेक्षा जास्त येतो, म्हणजे ते उत्तर निरुपयोगी. पण ८९ च्या वर लगेच सगळं सुरळीत होतं असंही नाही. खऱ्या कॉलममध्ये मुळातच थोडा बाक आणि रेसिड्युअल स्ट्रेस (बनवतानाच आत अडकून राहिलेला ताण) असतो, त्यामुळे ८९ च्या आसपास तो यील्ड आणि ऑयलर या दोन्ही भारांच्या बराच आधी निकामी होतो. तिथं डिझाइन कोडमधला बकलिंग कर्व्ह (सडपातळपणानुसार कॉलम किती भार पेलेल ते दाखवणारा आलेख) वापरा. त्यात हे दोन्ही दोष धरलेले असतात.